सत्तावीस नंबरचे नऊ जोड आणि ओहायोचं एक मत

आमच्या प्रकल्पावर गेटजवळच्या गार्डच्या खोलीचा नकाशा अकरा वेळा बदलला. खोली केवढी, तर दहा बाय बारा. आत एक खुर्ची, एक एसी, एक संडास. संडासाचं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, येऊ नये हा इथला साधा नियम. पण पुण्यात बसून नकाशे काढणाऱ्या मुलाला तो कुणी सांगितलाच नव्हता. त्याने संडास फिरवला, तर दार त्याच्यावर आपटायला लागलं. दार फिरवलं, तर खिडकीतून गेट दिसेना. अकराव्या खेपेला सगळं जुळलं, तोपर्यंत गार्डने आपली खुर्ची बाहेर सावलीत मांडून टाकली होती आणि आत बसायला त्याचा साफ नकार होता.

हे अकरा नकाशे सांभाळायचे, दहांवर ‘रद्द’ असा लाल शिक्का मारायचा, अकरावा सगळ्यांपर्यंत पोचवायचा आणि पोचल्याच्या सह्या घ्यायच्या, ही माझी नोकरी. तिला डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणतात. सौदीत दम्मामपासून तासाभरावर एक मोठा कारखाना उभा राहत होता, तिथे मी सात वर्षं हे केलं. सासूबाई अजून शेजारणींना ‘सून तिकडे झेरॉक्सचं बघते’ असंच सांगतात, आणि त्या फार चुकत नाहीत.

पण बाहेरच्या माणसाला वाटतं तेवढं हे काम निरुपद्रवी नाही. हजार माणसं एकाच वेळी बांधत असतात. प्रत्येकाच्या हातात कागद. त्यातला खरा कोणता, हे एकाच खिडकीवर ठरतं. रद्द झालेला नकाशा साइटवर राहिला तर भिंत चुकीच्या जागी उभी राहते. म्हणून मी जुन्या प्रती परत गोळा करत फिरायचे. त्या बहुतेक जेवणाच्या वेळेला सापडत, कारण जमिनीवर पसरून त्यांच्यावर कबसा, म्हणजे इथला कोंबडी-भात, खायला त्या उत्तम. एकदा पंपहाउसच्या पायाचा नकाशाच तेलकट निघाला. मी इंजिनियरला म्हटलं, “हा नकाशा रद्द आहे.” तो म्हणाला, “मॅडम, कोंबडीला चालतो.”

आमच्या धंद्यात एक गोष्ट फार सुंदर आहे. रद्द झालेला कागद फाडायचा नसतो. त्याच्यावर शिक्का मारून तो ठेवायचा असतो. नवा खरा का झाला हे जुन्यावरूनच कळतं. माझे बाबा नाशिकला कारखान्यात कामगारांचं पत्रक काढायचे. जेवणाच्या टेबलावर आमच्या घरी ताटांआधी पत्रकांचे गठ्ठे यायचे, आणि मी अक्षरं शिकले ती ‘कामगार बंधूंनो’ यातलीच. आपली चूक निघाली तर बाबा पुढच्या पत्रकात पहिल्या ओळीत ती छापायचे. त्यामुळे मालकांपेक्षा कधी कधी त्यांचेच लोक त्यांच्यावर चिडायचे. मला वाटायचं, मीही अशीच आहे. ते किती खरं होतं, हे पुढे येईल.

आता वॉल्टरसाहेब. ज्यांच्यासाठी आम्ही कारखाना बांधत होतो, त्या मालक कंपनीकडून दर्जा तपासायला आलेले हे अमेरिकन गृहस्थ. वय पासष्टच्या पुढे, मूळ गाव ओहायो राज्यात. रोज सकाळी साडेनऊला माझ्या खिडकीशी येऊन सुलेमानी चहा पीत उभे राहायचे. त्यांच्याकडे गप्पांचा एकच विषय होता: अमेरिकेची १८७६ सालची अध्यक्षपदाची निवडणूक. माणसं क्रिकेट सांगतात तशी ते ती सांगायचे. बोलणं इंग्रजीत चालायचं, इथे मी ते मराठीत आणलंय.

“दोन उमेदवार,” ते बोट वर करत. “दोघेही गव्हर्नर. आमचा ओहायोचा, समोरचा न्यूयॉर्कचा. आमच्याला छातीपर्यंत दाढी, न्यूयॉर्कवाला गुळगुळीत.”

तेव्हापासून आमच्या ऑफिसात ते दाढीवाले आणि गुळगुळीत.

तिथे राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी होत नाही. प्रत्येक राज्याला ठराविक प्रतिनिधी-मतं असतात, आणि त्या वर्षी जिंकायला ती एकशेपंच्याऐंशी लागत होती. लोकांची मतं गुळगुळीतांना जास्त. प्रतिनिधी-मतं मिळाली एकशेचौऱ्याऐंशी.

“एक कमी!” वॉल्टरसाहेब इथे दर वेळी कप खिडकीवर आपटत. “आणि वीस मतं वादात. दक्षिणेतली तीन राज्यं आणि ओरेगॉनचा एक पोस्टमास्तर.”

“पोस्टमास्तर कुठून आला?” पहिल्यांदा ऐकताना मी विचारलं होतं.

“प्रतिनिधी म्हणून निवडून आला. पण सरकारी नोकराला प्रतिनिधी होता येत नाही, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. एका पोस्टमास्तरामुळे देश अडला, वैशाली. त्या तीन राज्यांतून तर निकालाची दोन-दोन पाकिटं राजधानीला आली. एकात दाढीवाले विजयी, दुसऱ्यात गुळगुळीत. दोन्हींवर सह्या, दोन्हींवर शिक्के.”

माझ्या अंगावर काटा आला. एकाच नंबरचे दोन कागद, दोन्ही सहीशिक्क्याचे! माझ्या धंद्यात याच्याहून भयंकर स्वप्न पडत नाही. मी म्हटलं, “त्यांच्याकडे डॉक्युमेंट कंट्रोलर नव्हता का?”

“नव्हता ना! म्हणून पंधरा जणांची समिती नेमली. सात या पक्षाचे, सात त्या पक्षाचे, आणि एक न्यायाधीश, जो कुणाचाच नाही. सगळा देश त्या एकाकडे बघत बसला. आणि त्याने काय केलं? दुसरीकडे सिनेटवर निवडून गेला आणि समितीतून अंग काढून घेतलं! त्याच्या जागी आला तो आमच्याकडचा. मग प्रत्येक प्रश्नावर आठ विरुद्ध सात. वीसच्या वीस मतं दाढीवाल्यांना. एकशेपंच्याऐंशी विरुद्ध एकशेचौऱ्याऐंशी. ओहायो एका मताने जिंकलं!”

“आणि समोरचे गप्प बसले?”

“तडजोड झाली. तुम्ही अध्यक्षपद घ्या, आणि दक्षिणेत ठेवलेलं सैन्य मागे घ्या. दोन्ही बाजूंना काहीतरी मिळालं. नाहीतर पुन्हा यादवी पेटली असती.”

इथे ते समाधानाने चहा संपवत. आणि मला दर वेळी तिथेच खाज सुटायची. मी घरी जाऊन वाचलं होतं. ते सैन्य दक्षिणेत कशासाठी होतं? नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या माणसांना मत देता यावं म्हणून. त्या निवडणुकीत बंदुका घेतलेली टोळकी त्यांना मतपेटीपासून हाकलत होती. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना फसवायला गुलामी मोडणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचं चित्र चक्क विरोधी पक्षाच्या मतपत्रिकेवर छापलं होतं. एका राज्यात तर मतदारांपेक्षा मतंच जास्त पडली. एवढं सगळं सोसून ज्यांनी मत दिलं, त्यांच्या डोक्यावरचं छप्पर काढून दोन साहेबांनी आपापसांत वाटून घेतलं.

“साहेब, दोन्ही बाजूंना मिळालं म्हणता, पण तिसरी बाजू कुठे होती?” मी म्हणायचे.

“तू नेहमी पत्रकासारखी बोलतेस,” ते हसत निघून जायचे.

मी जिंकल्यासारखी रजिस्टर उघडायचे. दीडशे वर्षांपूर्वीच्या अन्यायावर चिडण्यासारखं सोपं काम दुसरं नाही.

वेल्डरांना आमच्याकडे नंबर असतो. माणूस परीक्षा पास झाला की नंबर मिळतो, आणि प्रत्येक जोडाशेजारी तो पाइपवर ठोकायचा. नंतर जोडाचा एक्स-रे काढतात. आत पोकळी दिसली तर नंबरावरून माणूस कळतो. फार बिघाड निघाले तर नंबर अपात्र ठरतो, आणि तो शेरा पुढच्या प्रत्येक कंपनीत माणसाच्या आधी जाऊन पोचतो.

सत्तावीस नंबर हसनचाचांचा. रत्नागिरीकडचे, बावीस वर्षं आखातात. जोड असा घालायचे की वॉल्टरसाहेब त्याच्या एक्स-रेची फिल्म नवीन पोरांना दाखवायला जपून ठेवत. आमचं काम संपत आलं होतं आणि चाचांना जिझानच्या एका प्रकल्पावर मुकादमाची जागा नक्की झाली होती. फक्त इथून स्वच्छ शेऱ्याचं पत्र हवं होतं.

त्याआधी चाचा मुलीच्या निकाहासाठी सहा आठवडे गावी गेले होते. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर पेठेसाहेब माझ्या खिडकीशी आले.

“अहो वैशाली, चाचांच्या जागी रामसेवकला लावतोय. नंबर तोच चालू ठेवा.”

“त्याची परीक्षा झालेली नाही, साहेब. नवा नंबर लागेल.”

“नव्या नंबरला तीन आठवडे. तोपर्यंत चाचांची अर्धी रजा संपेल! हात त्याचा चांगला आहे. परीक्षा नंतर घेऊ की. सही करा, यल्ला, चला.”

रामसेवक गोरखपूरकडचा, चाळिशीचा माणूस, पाइप घासायच्या कामावर. वेल्डिंग त्याला येत होतं, पण कागदावर येत नव्हतं. आणि मी, कामगार बंधूंनो वाचत मोठी झालेली, सही केली. कारण दुपारचे चार वाजले होते, बस सुटत होती, आणि आमच्याकडे रजेच्या दिवसांत सगळेच असं करायचे. शेजारी वाटी साखर मागतो, तसा नंबर उसना घ्यायची पद्धत होती. परीक्षा नंतर घेतली का? तुम्हाला काय वाटतं?

चार महिन्यांनी आग विझवायच्या पाण्याच्या लाइनवर वाद निघाला. नऊ जोड, सगळ्यांवर सत्तावीस. फिल्म त्याच, पण आमचा तज्ज्ञ म्हणाला पास, मालक कंपनीचा म्हणाला नापास. माझ्या टेबलावर एकाच नंबराच्या दोन याद्या येऊन पडल्या, दोन्हींवर सह्या, दोन्हींवर शिक्के.

वॉल्टरसाहेबांचे डोळे असे चमकले, की चिंता वाटावी. “समिती नेमू या,” ते म्हणाले. “दोन तुमचे, दोन आमचे, आणि पाचवा कुणाचाच नाही.”

पाचवा ठरला सामीसाहेब, बाहेरच्या तपासणी संस्थेचा इजिप्शियन इंजिनियर. एवढा सरळ माणूस, की दोन्हीकडचे त्याला सारखेच घाबरायचे. बैठक रविवारी होती. गुरुवारी सामीसाहेब निरोप घ्यायला आला. दूरच्या हफ्र अल बातिन शहरात बदली.

मी वॉल्टरसाहेबांकडे बघितलं. “न्यायाधीश सिनेटवर गेले, साहेब.”

“गप्प बस,” ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा पडला होता.

सामीच्या जागी आलेला गृहस्थ पूर्वी पेठेसाहेबांच्या हाताखाली काम केलेला निघाला. तीन विरुद्ध दोन. जोड पास. वॉल्टरसाहेबांनी इतिवृत्तावर सही करायला नकार दिला. त्यांची सही नाही तर पाणी सोडता येत नाही, आणि उद्घाटनाची तारीख वरून ठरलेली. दुपारी पेठेसाहेबांच्या केबिनमध्ये मोठ्या ताटात कबसा आला, दार लागलं, आणि तासाभराने दोन्ही बाजू तृप्त चेहऱ्याने बाहेर आल्या.

पेठेसाहेबांनी मला कागद दिला. “टाइप करून टाका. मिटलं.”

दोन ओळी होत्या. जोड आहेत तसे स्वीकारले. सत्तावीस नंबर अपात्र.

“साहेब, जोड पास आहेत, तर वेल्डर नापास कसा?”

“अहो, त्यांनाही वर दाखवायला काहीतरी कारवाई लागते ना? दोन्ही बाजूंना काहीतरी मिळायला हवं.”

“पण ते जोड चाचांनी केलेलेच नाहीत. ते तेव्हा गावी होते. तुम्हाला माहीत आहे.”

पेठेसाहेबांनी चष्मा पुसला. वाईट माणूस नव्हे हो, गणपतीला सगळ्यांना घरी बोलावून स्वतः मोदक वाढणारा. “ते आपल्या दोघांनाच माहीत आहे,” ते शांतपणे म्हणाले. “आणि सही तुमची आहे.”

मी जागेवर येऊन बसले. आणि इथे मला लिहायला आवडलं असतं, की मी ताडकन उठले. दोन दिवस मी काहीही केलं नाही. कागद टाइप न करता खणात ठेवला आणि दुसऱ्या नकाशांवर शिक्के मारत बसले. इतके जोरात, की शाई संपली.

तिसऱ्या दिवशी चाचा खिडकीशी आले.

“काय गो बाय, जिझानवाल्यांचा फोन आला व्हता. म्हनतात, तुमच्या नंबरावर कायतरी शेरा हाय असा ऐकतो. माज्या नंबरावर? बावीस वर्सांत नाय झाला. तुज्याकडंच सगळे कागद असतात ना? बघून सांग, खरा हाय का खोटा.”

“खोटा,” मी म्हटलं. “थांबा, चाचा. बसा तिथे.”

आमच्याकडे कुठलाही कागद पाठवायचा तर सोबत एक पाठवणी-पत्र जातं. त्याला नंबर असतो, आणि यादीतल्या प्रत्येकाला तो मिळाल्याची सही द्यावीच लागते. एकदा नंबर पडला की ते कुणाला मागे घेता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की सात वर्षं मी एका पत्रकखान्यात बसले आहे आणि वाटपाची यंत्रणा बाबांनी स्वप्नातही पाहिली नसती इतकी पक्की आहे.

मी एक पान लिहिलं. विशेषणं घातली आणि काढली. ते जोड अमुक आठवड्यांतले. त्या आठवड्यांत हसनचाचा देशाबाहेर होते, सोबत पासपोर्टवरच्या शिक्क्यांची प्रत. नंबर माझ्या सहीने रामसेवकला दिला गेला, ते नऊ जोड त्याचे. सबब हसनचाचांवर शेरा मारता येत नाही. चौदा प्रती काढल्या आणि नंबर टाकला. मग प्रिंट गरम असतानाच चाचांना वाचून दाखवलं. खरं सांगते, मी टाळ्यांची वाट बघत होते.

चाचांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, “आनि रामसेवकाचा काय?”

“त्याचं काय?”

“बाय, माजा नाव तू धुतलंस. पन ते पानी त्याच्या डोक्यावर ओतलंस. त्याने मागितला व्हता काय माजा नंबर? त्याला सांगितला, कर. त्याने केला. आता तो घरी जानार, नि मी मुकादम होनार?” ते उठले. “असा कागद मना नको. जिझान ऱ्हायला तरी चालेल.”

चौदा प्रती टेबलावर पडून होत्या. रामसेवकचं नाव आमच्या कुठल्याही कागदावर आजवर कधी आलेलं नव्हतं. पहिल्यांदा आलं, ते मी लिहिलं, आणि गुन्हेगार म्हणून. दाढीवाले, गुळगुळीत, पेठेसाहेब, वॉल्टरसाहेब, या सगळ्यांना मी मनातल्या मनात झोडपत होते. आणि संधी मिळाल्याबरोबर मीही तेच केलं होतं. दोघांचं मिटवून बिल तिसऱ्याच्या नावावर.

नंबर पडला होता, फाडायची सोय नव्हती. मी चौदाही प्रतींवर ‘रद्द’ मारलं आणि दुसरी आवृत्ती लिहिली. पहिली ओळ: आधीच्या पत्रात मी चूक केली. मग: रामसेवकची परीक्षा कंपनीने घेतलीच नाही, तेव्हा नऊ जोडांचा दोष त्याचा नसून ज्यांनी त्याला परीक्षेशिवाय कामाला लावलं त्यांचा, आणि त्यात सही माझी आहे. परीक्षा न घेता कुणाला नापास करता येत नाही. परीक्षा घ्यावी. जोड कापून पुन्हा करावेत. सोबत रद्द झालेलं पहिलं पत्रही जोडलं.

वाटायला मी स्वतः गेले. पेठेसाहेबांनी वाचलं आणि एकदम ‘मॅडम’वर आले. “मॅडम, हे काय पत्रक काढलंय?”

“पाठवणी-पत्र आहे, साहेब. इथे सही करा.”

“नऊ दिवस जातील जोड कापायला! उद्घाटनाचं काय?”

“आग लागली तर ती उद्घाटनाची तारीख बघून लागणार नाही.”

सही त्यांना करावी लागली. नियम त्यांचाच होता.

वॉल्टरसाहेबांनी मात्र उभ्या उभ्या दोनदा वाचलं. चहा गार झाला. “मी हे मान्य केलं होतं,” ते म्हणाले. “त्या केबिनमध्ये. मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.” सही करून त्यांनी खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: परीक्षेला मी स्वतः हजर राहीन.

जोड कापले. नऊ नाही, अकरा दिवस गेले. उद्घाटन पुढे ढकललं आणि कुणाचंही आभाळ कोसळलं नाही. मला कंपनीने इशारापत्र दिलं. ते पत्र माझ्याच टेबलावर आलं, कारण कुठल्याही पत्राला नंबर मीच देते. मी त्याला नंबर दिला, तीन प्रती केल्या, एक स्वतःला दिली आणि मिळाल्याची सही घेतली. घरी सांगितलं तेव्हा आठ वर्षांची लेक म्हणाली, “आई, आर यू फायर्ड?” म्हटलं, “अजून नाही.” ती म्हणाली, “ओके, देन कॅन वुई ऑर्डर पिझ्झा?”

रामसेवकची परीक्षा मंगळवारी सकाळी झाली. चाचांनी आधी चार दिवस त्याला जेवणाच्या सुट्टीत भंगार पाइपांवर घोटून घेतलं होतं. जिझानवाल्यांना त्यांनी कळवलं होतं की आठवडाभर थांबा, नाहीतर खलास, दुसरा बघा. ते थांबले होते. रामसेवकने मास्क उतरवला तेव्हा त्याच्या भुवयांतून घाम टपटपत होता. तुकडा एक्स-रेला गेला. निकालाला दोन तास.

शेडमध्ये आम्ही चौघं. वॉल्टरसाहेब येरझाऱ्या घालत होते. वेळ जावा म्हणून चाचांनी रामसेवकला गोष्ट सांगायला घेतली. कोणती, ते सांगायला नकोच. साइटवर ती आता सगळ्यांना पाठ होती.

“देख, दो गव्हर्नर थे. एक दाढीवाला, एक बिना दाढी का. बिना दाढीवाला एक वोट से अटक गया. बीच में एक पोस्टमास्तर घुसा...”

ओहायो हा शब्द ऐकून वॉल्टरसाहेब थांबले. हिंदी त्यांना येत नव्हती, पण बोटं उघडताना-मिटताना दिसत होती, आठ आणि सात. ते हसले आणि चाचांसमोर उलट्या ठेवलेल्या बादलीवर येऊन बसले. चाचांनी सैन्य मागे घेतलं आणि गोष्ट संपवली.

रामसेवक विचारात पडला. मग मला म्हणाला, “मॅडमजी, साहब से पूछिए, जिन लोगों का वोट था, उनका क्या हुआ?”

मी प्रश्न इंग्रजीत केला. वॉल्टरसाहेबांनी इतकी वर्षं ही गोष्ट सांगितली होती, पण तिचा शेवट त्यांनी नेहमी ओहायोवर केला होता. ते बादलीवर थोडे पुढे सरकले.

“त्यांनी वाट पाहिली,” ते म्हणाले. “आपलं मत पुन्हा खरोखर मोजलं जाण्यासाठी. जवळजवळ नव्वद वर्षं.”

मी हिंदीत सांगितलं.

“नब्बे साल!” रामसेवकने शेडच्या घड्याळाकडे बघितलं आणि घाबरून माझ्याकडे. “मेरा तो दो घंटे में आ जाएगा ना?”

फिल्म दीड तासात आली. वॉल्टरसाहेबांनी फिल्म दिव्याच्या काचेवर लावली आणि नाक टेकेल इतके जवळ जाऊन बघत राहिले. नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ. चाचांनी रामसेवकचं मनगट धरून ठेवलं होतं. मग साहेब वळले, माझ्या हातातलं वेल्डरांच्या नंबरांचं रजिस्टर काढून घेतलं, स्वतःचं पेन उघडलं आणि रामसेवकला विचारलं, “तुझं पूर्ण नाव काय?”